वाघ मोजले, मजुरी कोण मोजणार?

मागच्या आठवड्यात व्हॉट्सॲपवर एक प्रेसनोट आली. एका प्राध्यापकांचे इतके शोधनिबंध, इतकी सायटेशन्स, एच-इंडेक्स इतका. सायटेशन म्हणजे दुसऱ्या संशोधकांनी तुमच्या निबंधाचा दाखला किती वेळा दिला ते. सोबत शाल-श्रीफळाचा फोटो. बातमी लावली, अभिनंदनही केलं. पण विषय होता ग्रामीण रोजगार आणि आरोग्य, म्हणून फोन करून विचारलंच, "सर, यातून आपल्याकडच्या मजुराचं काय बदललं?" सर प्रामाणिक माणूस. म्हणाले, "ते मोजायची पद्धत नाही हो आमच्याकडे."

पद्धत आहे. आपल्या विदर्भातच आहे, आणि तिला चाळीस वर्षं होऊन गेली.

डॉ. अभय बंग म्हटलं की आपल्याला गडचिरोली आठवते, 'सर्च' आठवते, बालमृत्यू आठवतात. त्याच्याही आधी, वर्ध्याजवळच्या कान्हापूर गावात काम करत असताना या डॉक्टरने एक हिशेब तपासला होता. १९७२च्या दुष्काळात राज्यात रोजगार हमी उभी राहिली आणि २६ जानेवारी १९७९ला तिचा कायदा लागू झाला. योजनेचे जनक वि. स. पागे. शेतमजुराच्या किमान वेतनाचा हिशेबही पागे समितीचाच, दिवसाला ४ रुपये. पागे काही मजुरांचे वैरी नव्हते, उलट त्यांच्यासाठी झिजलेला माणूस. पण समितीने मजुराच्या शरीराला लागणारे उष्मांक धरताना चूक केली होती. ती बंगांना दिसली, कारण ते डॉक्टर होते. दिवसभर राबणाऱ्या देहाला किती अन्न लागतं आणि ते बाजारातून आणायला किती पैसे लागतात, हे त्यांनी पुन्हा मांडलं. मजुरी निघाली १२ रुपये.

चारचे बारा! कोणी घोषणा दिली म्हणून नाही, बेरीज-वजाबाकी करून. पुढे मजुरांच्या संघटनांच्या हाती तो कागद पडला, आणि सरकारला दर वाढवावे लागले. नुसत्या कागदाने हे झालं नसतं, हेही खरं. रस्त्यावर उतरणारे होते म्हणून कागदाला वजन आलं. पण उतरणाऱ्यांच्या हातात आकडा होता.

बंगांच्या सत्कारात या कामाचा उल्लेख फारसा ऐकू येत नाही. बोललं जातं ते 'लॅन्सेट'मधल्या निबंधांवर. १९९९चा निबंध तर जगभर वाचला गेला. गडचिरोलीच्या ३९ गावांत प्रशिक्षित गावकरी बाईने घरीच नवजात बाळाची काळजी घेतली आणि नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. आज तुमच्या गावातली आशाताई बाळाचं वजन करायला, ताप बघायला घरी येते ना? त्याची मुळं तिथे आहेत. २०११ पासून ते देशभर आलं.

पण आशाताईला या कामाचे मिळतात किती? बाळ दवाखान्यात जन्मलं तर सहा भेटींचे मिळून २५० रुपये, असा तो दर ठरला. संशोधन दिल्लीपर्यंत गेलं, धोरण झालं, आणि ज्या बाईच्या पायांवर ते चालतं तिच्या चालण्याचा हिशेब मात्र कान्हापूरच्या पद्धतीने कोणी मांडला नाही.

आता आपल्या नागझिऱ्याकडे या. २०१३ला व्याघ्र प्रकल्प झाला. कॅमेरे लागतात, पट्ट्यांवरून वाघ ओळखतात, शास्त्रशुद्ध मोजणी होते. व्हायलाच पाहिजे. जंगलाच्या काठावर रोवणीत वाकलेल्या एका बाईने मला मागच्या पावसाळ्यात विचारलं होतं, "वाघ मोजाले साहेब येतेत, आमच्याकडं कोनी येत नाही जी?" मी हसलो. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

धानाच्या बांधीत दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून रोवणी करणारीचे किती उष्मांक जळतात? उन्हाळ्यात तेंदूपत्त्याला पहाटे निघून, डोक्यावर ओझं घेऊन परतताना किती? मामा तलावाचा गाळ काढताना, माती कडक असते आणि मजुरी घनमीटरवर ठरते, तेव्हा हाती खरोखर किती पडतं? २०२५-२६चा रोहयोचा राज्यातला दर ३१२ रुपये होता. तो दरवर्षी महागाईच्या निर्देशांकाने थोडा सरकत आला, शरीराच्या गरजेवरून नव्याने काढला गेला नाही. केंद्राच्याच सत्पथी समितीने २०१९ला २४०० उष्मांक धरून किमान वेतन मांडलं, ते २०१८च्या भावाने ३७५ रुपये होतं. म्हणजे २०२५-२६चा दर २०१८च्या हिशेबालाही शिवत नव्हता. अहवाल आला, चर्चा झाली, पुढे फाइल.

गोंदियात सरकारी मेडिकल कॉलेज आहे. समाजकार्य, अर्थशास्त्र, गृहविज्ञान शिकवणारी महाविद्यालयं आहेत. दरवर्षी प्रकल्प अहवाल बांधले जातात, सोनेरी अक्षरांत. यातल्या चार विद्यार्थ्यांनी एक हंगाम चोरखमारा, मंगेझरीकडे काढला तरी हा हिशेब निघेल. कॅमेरा ट्रॅपपेक्षा स्वस्तात. तराजू, वही आणि किराणा दुकानातले भाव, एवढंच लागतं. गाईड म्हणतील, यावर इंटरनॅशनल जर्नलमध्ये पेपर होणार नाही. होईल, सर. बंगांचे झाले की. पण आधी पेपर नव्हता, आधी गाव होतं.

मी माझ्यापरीने सुरुवात करतोय. रोवणी, तेंदू किंवा रोहयोच्या कामावर गेलेल्यांनी या हंगामात किती दिवस काम झालं, हाती किती आले आणि किती दिवसांनी आले, हे मला कळवा. नाव छापणार नाही. प्राध्यापक मित्रांपैकी कोणाला ही वही हवी असेल तर घरी येऊन घेऊन जा, चहा माझ्याकडून.