देशमुखी हे पद होते, रक्तगट नव्हे

१/ ‘देशमुख म्हणजे एकच राजकुळ, एकच रक्त’ असे सांगणारे लेख समाजमाध्यमांवर नित्य फिरत असतात. अमरावती-अकोल्याकडे तर एवढ्या एका आडनावावर माणसाची पायरी ठरते. या समजुतीला इतिहासाचा आधार नाही. तो का नाही, हे या मालिकेत पाहू.

२/ पुरावा खुद्द वऱ्हाडचाच आहे. १५९६ मध्ये वऱ्हाड मोगलांकडे गेला. अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त या सुभ्याविषयी नोंदवले आहे की, येथे चौधरीला देशमुख, कानुनगोला देशपांड्या, मुकद्दमाला पाटील आणि पटवाऱ्याला कुलकर्णी म्हणतात. ही वंशावळ नव्हे, अधिकाऱ्यांची यादी आहे.

३/ येथे ‘देश’ म्हणजे परगणा. त्याचा प्रमुख तो देशमुख. हिशेब राखणारा देशपांडे. सारा वसूल करणे, परगण्यात बंदोबस्त ठेवणे आणि त्याबद्दल हक्क व इनाम उपभोगणे, असे हे वतन होते. वतन वारशाने चालत असे. पण ते वाटलेही जाई, गहाण पडे आणि विकलेही जाई. जे खत करून विकता येते, ते रक्त कसे असेल?

४/ आता माणसे पाहा. डॉ. पंजाबराव देशमुख यांचा जन्म १८९८ मध्ये अमरावती जिल्ह्यातील पापळ येथे झाला. घराण्याचे मूळ आडनाव कदम. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख हे चित्पावन ब्राह्मण. मूळ आडनाव सिद्धये. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख हे चांद्रसेनीय कायस्थ प्रभू. मुस्लिम देशमुख घराणीही महाराष्ट्रात आहेत. या सर्वांचे कुळ एक म्हणावे, तर ते कोणते?

५/ ही केवळ आपल्याकडची रीत नव्हे. स्कॉटलंडच्या राजाचा कारभारी तो ‘स्ट्युअर्ड’. बाराव्या शतकात वॉल्टर फिट्झॲलनला हे पद मिळाले, त्याच्या वंशजांनी पदालाच आडनाव केले आणि १३७१ मध्ये त्यांच्यातलाच एक राजा झाला. म्हणून आजचा प्रत्येक स्ट्युअर्ट राजवंशी ठरत नाही.

६/ १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. पुढे नवी जमाबंदी आली. गावपातळीवर पाटील-पटवारी कामाचे राहिले. परगणाच उरला नाही, तेव्हा त्याच्या मुखाला काम कोठून उरणार? अधिकार गेला, नाव राहिले. शाळेच्या दाखल्यांनी आणि सरकारी नोंदींनी ते कायम केले. हुद्द्याचे आडनाव झाले आणि हळूहळू आडनावाची जात होऊ लागली.

७/ ‘आमच्याकडे सनद आहे, गढी आहे,’ असे कोणी म्हणेल. असेल, ती अवश्य जपावी, वाचावी, अभ्यासकांना दाखवावी. परंतु सनद एका घराण्याचा एका परगण्यावरील हक्क सिद्ध करते. त्या आडनावाच्या प्रत्येक माणसाचे श्रेष्ठत्व ती सिद्ध करीत नाही.

८/ हा वाद केवळ पुस्तकी नाही. ‘आम्ही देशमुख, ते साधे कुणबी’ एवढ्या एका वाक्यावर आजही सोयरीक मोडते. मोगलांच्या महसुली कोष्टकातील एक रकाना एकविसाव्या शतकातील मुलामुलींचे लग्न ठरवतो, याला परंपरा म्हणणे हा परंपरेचाही अपमान आहे.

९/ त्याच अमरावतीतील विद्यापीठाला कोणाचे नाव आहे? डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचे. मात्र त्यांचे आडनाव विद्यापीठाच्या नावात नाही. हातातल्या फुटक्या गाडग्यावरून लोकांनी दिलेले ‘गाडगेबाबा’ हेच नाव तेथे आहे. आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठावर पंजाबरावांचे नाव आहे ते शेतकऱ्यांसाठी केलेल्या कामामुळे, पापळच्या वतनामुळे नव्हे.

१०/ तेव्हा मित्रहो, कोणी आडनाव पुढे करून कुळाची थोरवी सांगू लागला, तर तीन प्रश्न विचारा: परगणा कोणता? सनद कोणत्या सालची? आणि त्याआधीचे आडनाव काय? उत्तर मिळाले तर इतिहास हाती लागेल. न मिळाले, तर निदान एखादी सोयरीक तरी वाचेल.