निश्चल देहाचा खर्च

घरातील वृद्ध माणूस अंथरुणाला खिळले म्हणजे 'आता हालचाल ती काय, भूक ती किती लागणार?' असे म्हणून ताटातील एखादी पोळी सहज कमी केली जाते. त्यामागे दुष्ट हेतू नसतो. हिशेब मात्र चुकलेला असतो.

आपण स्वस्थ पडून राहिलो तरी देहाची शेगडी विझत नाही. हृदयाचे स्पंदन, श्वासोच्छ्वास, मूत्रपिंडांची गाळणी, पेशींची डागडुजी, अंगाची ऊब ही कामे अहोरात्र चाललेलीच असतात. या खर्चास आधारभूत चयापचय म्हणतात. बैठे जीवन कंठणाऱ्या माणसाच्या दिवसभराच्या खर्चापैकी साधारण ६० ते ७० टक्के भाग एवढ्यातच जातो. मेंदूचे वजन देहाच्या अवघे २ टक्के. पण विसाव्याच्या खर्चातील जवळजवळ पाचवा हिस्सा त्याचा. (परीक्षेच्या अभ्यासाने तो फारसा वाढत नाही, हे मुलांच्या मातांनी ध्यानी घ्यावे!)

हा खर्च उष्मांकांत मोजतात. एक किलो पाणी एक अंश सेल्सिअसने तापविण्यास लागणारी उष्णता म्हणजे आहारशास्त्रातील एक उष्मांक. खरे मोजमाप करावयाचे तर रात्रभराच्या उपवासानंतर, सकाळी, जागेपणी निश्चल निजवून, माणसाने किती प्राणवायू वापरला हे यंत्राने पाहावे लागते. ती सोय घरोघरी कोठून असणार? म्हणून सूत्रे निघाली. हॅरिस व बेनेडिक्ट या अमेरिकन संशोधकांनी १३६ पुरुष व १०३ स्त्रिया यांच्या मोजमापांवरून १९१९ साली आपली सूत्रे प्रसिद्ध केली. पुढे १९९० मध्ये मिफ्लिन व सेंट जोर यांचे सूत्र आले. ते पाटीवरही मांडता येते: किलोंतील वजनाची १० पट आणि सेंटिमीटरांतील उंचीची ६.२५ पट यांची बेरीज करावी, तीतून वयाची ५ पट वजा करावी. मग पुरुषांनी ५ मिळवावेत, स्त्रियांनी १६१ वजा करावेत.

आपले वय ४५, वजन ५५ किलो, उंची १५२ सेंटिमीटर आहे असे समजा. ५५० अधिक ९५०, त्यातून २२५ व १६१ गेले. राहिले १,११४ उष्मांक. हीच स्त्री ७५ वर्षांची असती आणि वजन-उंची तीच राहिली असती, तर? केवळ १५० उष्मांक कमी. म्हणजे निव्वळ पडून असलेल्या आजीबाईंनाही दिवसाला ९६४ उष्मांक हवेतच. त्यात ताप असेल तर दर अंश सेल्सिअसमागे हा खर्च १० ते १३ टक्क्यांनी वाढतो. पोळी कमी करण्याची वेळ ही नव्हेच. चावता येत नसेल तर मऊ भात, दूध, वरण थोडे थोडे, पण अनेकदा द्यावे.

मात्र हे आकडे म्हणजे अंदाज होत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञगटाच्या २०१० च्या अहवालातील सूत्र ३० ते ६० वर्षांच्या स्त्रीसाठी वजनाची ८.३ पट अधिक ७८८ असे आहे. त्याप्रमाणे वरील पंचेचाळीस वर्षांच्या भगिनीचा खर्च १,२४५ येतो. फरक सुमारे दीड पोळीचा. १९८५ ची आंतरराष्ट्रीय सूत्रे ज्या मोजमापांवरून बसविली त्यांतील जवळजवळ निम्मी माणसे इटालियन होती. भारतीयांच्या बाबतीत ती अधिक आकडा दाखवितात असे आढळल्याने आपल्या तज्ज्ञांनी त्यांत ५ टक्के घट केली. सूत्र कोणाच्या देहावरून घेतले, हे असे महत्त्वाचे ठरते.

सडपातळ होण्याच्या हौसेने दिवसाला हजार उष्मांकांवर राहणाऱ्या भगिनींनी हे दोन्ही आकडे पाहावेत. त्यांचा आहार निजून राहण्याच्या खर्चासही पुरत नाही. मग पाणी भरणे, जिने चढणे राहिलेच. अशा वेळी देह स्नायूही झिजवितो आणि आपला खर्च आखडता घेतो, म्हणून काही आठवड्यांनी वजन उतरणे मंदावते. बैठे काम करणाऱ्या ५५ किलोंच्या स्त्रीस परिषदेने २०२० मध्ये दिवसाला १,६६० उष्मांक सांगितले आहेत. काटछाट करावयाची ती तेथून थोडीथोडी करावी, आणि दर पंधरवड्यास सकाळी अनशापोटी वजन करून पाहावे.