भेग पुढे सरकते

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीची जमीन हादरू लागली. धुंदलवाडी परिसरात धक्के इतके वारंवार बसले, की लोक थंडीतही घराबाहेर झोपले. बहुतेक धक्के किरकोळ, मोठ्यातले मोठे चार तीव्रतेच्या आसपास. एवढ्याशाने भिंती का फुटाव्यात?

धक्क्यांचे केंद्र उथळ होते, हे एक कारण. दुसरे अधिक चिवट आहे. एकोणिसाव्या शतकात ऑगस्ट व्होलर या जर्मन अभियंत्याने रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून दाखवले, की एका झटक्यात जो भार पोलाद सहज पेलते, तोच पुन्हा पुन्हा दिला तर ते तुटते. वीट-सिमेंटच्या भिंतीची गत याहून वाईट. दाब ती सोसते, ताण नाही. दोन विटांमधला सांधा एकदा उकलला की ताण भेगेच्या टोकाशी एकवटतो आणि पुढचा धक्का तिथूनच काम सुरू करतो. उलट कारवीच्या काठ्यांची लिंपलेली भिंत, म्हणजे कूड, लवचिक असल्याने हलतो, लिंपण झडते, पण अंगावर विटा कोसळत नाहीत. तरी सरकारी कागदावर तो ‘कच्चा’च!

धातू झिजायला तर धक्केही लागत नाहीत, सततचा ताण आणि उष्णता पुरते. डहाणूच्याच औष्णिक केंद्रासारख्या ठिकाणी ५०० अंश सेल्सिअसवरच्या वाफेचा दाब सोसत नळ्या वर्षानुवर्षे कणाकणाने ताणल्या जातात. म्हणून त्यांची जाडी आणि फुगवटा वेळोवेळी मोजतात. घरांच्या पंचनाम्यात मात्र नुकसानीची रक्कम असते. भेग पुढे सरकली का हे कळावे म्हणून तिच्या टोकाशी पेन्सिलची खूण आणि तारीख टाकायला काहीच खर्च येत नाही.