लख्ख ऊन आणि कॅमेऱ्यावरची चार अक्षरे

दिवाळी सरली की पावसाने धुऊन काढलेला आसमंत लख्ख उन्हात उजळून निघतो आणि घराघरांतले कॅमेरे सहलीच्या पिशवीत जाऊन बसतात. मात्र डोळ्यांना सुखावलेले ते दृश्य घरी येऊन पाहावे, तर आकाश पांढरेफटक, डोंगर फिके आणि सावल्या काजळासारख्या काळ्या. असे का होते, हे मी एका चुकीतून शिकले. आज तीच चूक आपल्यासमोर मांडते.

आईच्या माहेरची शेती विकायचे ठरले होते. पन्हाळ्याच्या पायथ्याशी असलेले दीड एकराचे उसाचे रान; मामांच्या पश्चात ते कसणारे कोणी उरले नव्हते. खरेदीखताचा दिवस ठरला तेव्हा आई एवढेच म्हणाली, "गडावरून आपलं रान दिसतं. त्याचा एक फोटो काढून आण गं." गुडघ्यांमुळे तिला स्वतः येणे शक्य नव्हते.

मी रविवारी भर दुपारी गेले. कॅमेरा 'ऑटो'वर ठेवून, तटबंदीआडून चाळीसेक छायाचित्रे काढली. घरी येऊन पाहते तो तटाचे दगड स्वच्छ दिसत होते. मात्र खालचे रान उजेडात विरघळून गेले होते. आईने चष्मा पुसून पुन्हा पाहिले आणि म्हणाली, "असू दे." त्या दोन शब्दांनी मला अधिकच लाज वाटली. खरेदीखताला आठ दिवस उरले होते.

त्या आठ दिवसांत जे समजले ते असे. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरच्या दृश्याला मध्यम करड्या रंगाचे गृहीत धरतो. सह्याद्रीचा काळा कातळ चौकटीत अधिक आला की दृश्य अंधारे आहे असे त्याला वाटते व तो जास्त प्रकाश आत घेतो. मग उन्हातले शिवार आणि आकाश करपते. पूर्ण पांढरा झालेला भाग नंतर संगणकावरही परत मिळत नाही. याउलट पांढऱ्या वाळूवर किंवा चुन्याच्या भिंतीसमोर हाच मापक प्रकाश कमी करतो आणि पांढरे ते मळकट दिसते.

कॅमेऱ्याच्या माथ्यावरील तबकडीवर चार पद्धतींची अक्षरे असतात. 'पी'मध्ये छिद्र आणि वेळ दोन्ही कॅमेराच ठरवतो, तरी प्रकाश कमी-अधिक करण्याची मुभा आपल्याकडे राहते. 'ए' किंवा काही कंपन्यांच्या भाषेत 'एव्ही', यात भिंगाचे छिद्र आपण निवडतो व शटरचा वेग कॅमेरा जुळवतो. 'एस' किंवा 'टीव्ही'मध्ये वेग आपला. उडता पक्षी वा धबधबा टिपताना ती उपयोगी. 'एम'मध्ये सारेच आपल्या हाती. निसर्गदृश्यासाठी नवशिक्याने 'ए' धरावी, कारण जवळच्या दगडापासून दूरच्या डोंगरापर्यंत सारे रेखीव येणे हे मुख्यतः छिद्रावर अवलंबून असते.

उन्हात आयएसओ १०० ठेवावा आणि छिद्र एफ/८ ते एफ/११ निवडावे. आकडा मोठा तितके छिद्र लहान, हे ध्यानात असू द्यावे. एफ/२२ पर्यंत जाण्याचा मोह टाळावा. फार लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो व चित्राचा रेखीवपणा उणावतो. पडताळा घेण्यासाठी छायाचित्रकारांचा एक जुना ठोकताळा आहे: स्वच्छ उन्हात छिद्र एफ/१६ असेल, तर शटरचा वेग सेकंदाचा आयएसओइतकावा भाग ठेवावा. म्हणजे आयएसओ १०० ला १/१०० सेकंद; त्याच हिशेबाने एफ/११ ला १/२०० आणि एफ/८ ला १/४००. कॅमेरा याहून फार निराळे आकडे दाखवू लागला, तर तो फसला आहे का, हे पाहावे.

तो फसलेला असल्यास अधिक-उणे चिन्हाची कळ दाबून प्रकाश उणे १/३ ते उणे १ पर्यंत कमी करावा. उन्हात पडद्यावर चित्र नीट दिसत नाही, म्हणून हिस्टोग्राम नावाचा आलेख पाहावा. त्याची टेकडी उजव्या भिंतीला जाऊन आदळली असेल, तर उजळ भाग करपला असे समजावे. शक्य असल्यास चित्र 'रॉ' स्वरूपात साठवावे. सावलीतले तपशील त्यातून बरेच उजळवता येतात. मोबाइल वापरणाऱ्यांनीही पडद्यावर उजळ भागाला बोट लावून प्रकाश थोडा खाली ओढावा.

आणि अखेरीस, वेळ. मला गडाच्या पूर्वेकडे पाहायचे होते. सकाळी त्या दिशेला सूर्य समोर येतो. दुपारी चारनंतर तो पाठीशी जातो आणि तिरप्या उन्हात बांध, पाट, झाडांच्या रांगा उठून दिसतात. दुसऱ्या खेपेस मी चार वाजता पोहोचले, तट चौकटीबाहेर ठेवला, 'ए' पद्धत, एफ/८, उणे २/३ असे जुळवले आणि सहाच छायाचित्रे काढली.

त्यांतले एक मोठे छापून आईपुढे ठेवले. तिने बराच वेळ काही म्हटले नाही. मग एका हिरव्या पट्ट्यावर बोट ठेवून म्हणाली, "ही विहीर. आणि ही नारळाची झाडं तुझ्या आजोबांनी लावलेली." मला तर ती विहीर अजूनही दिसत नाही.

दुसऱ्याच दिवशी खरेदीखतावर सही झाली. रान आता आमचे नाही. छायाचित्र देवघराशेजारच्या भिंतीवर आहे. आपल्याही घरी असे एखादे रान, एखादा वाडा, एखादी वाट असेल. तिथे जाण्यापूर्वी तबकडीवरची ही चार अक्षरे ओळखीची करून घ्यावीत. मला दुसरी संधी मिळाली, पण ती प्रत्येक वेळी मिळतेच असे नाही.