‘हात धुवा’ सांगून मुलं हात का धूत नाहीत? पेण-रोह्याच्या निमित्ताने समजून घेऊ सवयींचं गणित

दरवर्षी १५ ऑक्टोबरला जागतिक हात धुवा दिन असतो. २००८ पासून तो जगभर पाळला जातो. रायगड जिल्ह्यातल्या पेण, रोहा तालुक्यांतल्या शाळा-अंगणवाड्यांमध्येही त्या दिवशी मुलं रांगेत उभी राहतात, हाताला साबण लावतात, फोटो निघतात, ते ग्रुपवर पडतात. प्रश्न असतो १६ ऑक्टोबरचा. आदल्या दिवशीचा साबण आणि बादली त्या दिवशी जागेवर असते का?

हा प्रश्न किरकोळ नाही. साबणाने हात धुतल्याने मुलांमधले जुलाब साधारण ३० टक्क्यांनी कमी होतात, असं अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा सांगतो. वारंवार जुलाब झालेलं मूल खाल्लेलं अंगी लावून घेऊ शकत नाही. म्हणजे अंगणवाडीतली खिचडी पोटात जाते, पण वजन वाढत नाही. हात धुण्याचा थेट संबंध कुपोषणाशी आहे तो असा.

सवयी शिकवणं अभ्यासक्रमात आहे का?

आहे. ३ ते ८ वर्षांच्या मुलांसाठीचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २०२२ मध्ये आला. मुलांना निरोगी आणि सुरक्षित ठेवणाऱ्या सवयी लागाव्यात, हे त्यातलं पहिलंच उद्दिष्ट आहे. अक्षर आणि अंक त्यानंतर येतात.

महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली, तेव्हाच्या ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं. पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. तिथे गाणी-गोष्टींच्या आधी असायची अंघोळ, नखं कापणं आणि केस विंचरणं. स्वच्छतेवर भाषण देण्याऐवजी पाणी, कंगवा आणि ते वापरणारं मोठं माणूस मुलाच्या दारात पोचवलं गेलं. हा मुद्दा आजही तितकाच लागू आहे.

मग पेण-रोह्यात अडचण कुठे आहे?

सर्वात आधी पाण्यात. हेटवणे धरण पेण तालुक्यात आहे आणि त्याचं पाणी नवी मुंबईला जातं. त्याच तालुक्यातल्या खारेपाटातली गावं मात्र वर्षानुवर्षं उन्हाळ्यात टँकरची वाट बघत आली आहेत. खाडीलगतची जमीन असल्याने तिथे विहिरी-बोअरचं पाणीही खारट निघतं. रोह्याच्या कुंडलिका नदीला भिरा वीजप्रकल्पातून सुटणाऱ्या पाण्यामुळे उन्हाळ्यातही प्रवाह असतो, कोलाडला राफ्टिंग चालतं ते त्यावरच. पण नदी खाली आणि वाडी डोंगरावर असली, तर हंडा डोक्यावरूनच वर न्यावा लागतो.

जलजीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालं. माणशी रोज ५५ लिटर पाणी हे त्याचं माप. शाळा आणि अंगणवाड्यांत नळ देण्यासाठी २ ऑक्टोबर २०२० पासून वेगळी मोहीमही झाली. पण नळ बसणं आणि मे महिन्यात त्याला पाणी येणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या घरात पाणी मोजून वापरलं जातं, तिथे आई आधी पिण्याचं आणि स्वयंपाकाचं बघणार. मुलाच्या हातांचा नंबर शेवटी लागतो. याला तिचं अज्ञान म्हणता येणार नाही.

लागलेली सवय मोडते कशी?

दुसरी अडचण स्थलांतराची. दोन्ही तालुक्यांत कातकरी वाड्या आहेत. यातली अनेक कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टी किंवा कोळसाभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या २००९ च्या अभ्यासात मोठ्या माणसांना एखादी नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले होते. तेही जागा आणि वेळ ठरलेली असताना. भट्टीवर ना अंगणवाडीचा नळ असतो, ना ओळखीच्या ताई. जूनमध्ये मूल परत येतं, तेव्हा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

तिसरी गोष्ट अनुकरणाची. मुलं सांगितलेलं कमी आणि बघितलेलं जास्त करतात. घरात आजी सकाळी मशेरी लावत असेल, तर नातवंडाच्या लेखी दात घासणं म्हणजे तेच. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखू. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला देशात १९९२ पासून बंदी आहे, पण चुलीवर भाजलेल्या मशेरीला ती कुठून आडवी येणार?

उपदेश न करता सवय लागते का?

लागू शकते. बांगलादेशातल्या दोन प्राथमिक शाळांत एक साधा प्रयोग झाला. संशोधकांनी हात धुण्याची जागा बांधली, शौचालयापासून तिथपर्यंत रंगीत वाट आखली आणि वाटेवर पावलं, तर नळापाशी हाताचे ठसे रंगवले. स्वच्छतेचा एकही धडा दिला नाही. शौचानंतर साबणाने हात धुण्याचं प्रमाण आधी ४ टक्के होतं. ते दुसऱ्याच दिवशी ६८ टक्के झालं आणि सहा आठवड्यांनी ७४ टक्के भरलं.

असं काम करायला मोठा निधी लागत नाही. निदान गणपतींच्या पेणमध्ये तरी रंगवणाऱ्या हातांची वानवा नाही. पण त्या वाटेच्या शेवटी पाणी हवंच. नाहीतर ती भिंतीवरची आणखी एक घोषणा ठरेल.

पालक आणि गावाने काय बघायचं?

• अंगणवाडीतल्या नळापर्यंत तीन वर्षांच्या मुलाचा हात पोचतो का?
• साबण जेवणाच्या जागेजवळ आहे की कपाटात कुलूपबंद?
• मे महिन्यात हात धुण्यापुरतं पाणी कुठून येणार, हे ग्रामसभेत आधीच ठरलंय का?
• भट्टीवर जाणाऱ्या मुलांची नावं तिथल्या जवळच्या अंगणवाडीला कळवली आहेत का?
• १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या जंतनाशक दिनाला गोळी मिळाली का? गोळी पोटातले जंत मारते, पण हात अस्वच्छ राहिले तर ते पुन्हा होतात.
• घरात जेवायच्या आधी मोठी माणसं स्वतः हात धुतात का? मुलाचे दात सहा-सात वर्षांपर्यंत कोणी मोठं माणूस घासून देतं का? तीन वर्षांपुढच्या मुलाला वाटाण्याएवढी पेस्ट पुरते, त्याहून लहान असेल तर तांदळाच्या दाण्याएवढी.

यातले दोन प्रश्न घरातले आहेत, बाकीचे अंगणवाडी आणि ग्रामपंचायतीचे. मुलाला सवय लागली नाही, की बोल मात्र बहुतेक वेळा एकट्या आईलाच लागतो.