पाटीआडचा आवाज



आपल्या पुष्कळांच्या घरी एक उपदेश ऐकू येतो. मुलगा शहरात नोकरीस निघाला की बाप त्यास सांगतो, "काम नेकीने कर; पण आपण कोण, कुठले, हे कोणास सांगत बसू नकोस. आडनाव विचारले तर गावाचे नाव सांग." ज्या बापाने दीक्षेच्या दिवशी उभे राहून बावीस प्रतिज्ञा मोठ्याने म्हटल्या, तोच बाप घरमालक येणार असे कळताच भिंतीवरील बाबासाहेबांची तसबीर उतरवून पेटीत ठेवतो. हा उपदेश मायेपोटी दिला जातो हे मी जाणतो. तरी तो घातक आहे असे माझे म्हणणे आहे, आणि त्याच्या पुष्ट्यर्थ मी एका अमेरिकन वृत्तनिवेदकाची साक्ष काढणार आहे.

अमेरिकेतील साक्षीदार कशाला, असे कोणी म्हणेल. त्यास उत्तर एवढेच की, १९४६ साली खुद्द बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉइस या कृष्णवर्णीय विद्वानास पत्र लिहून, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागविल्या होत्या. त्यांचा प्रश्न आपल्या प्रश्नाचा शेजारी आहे, हे आपल्याला नव्याने शिकावयाचे नाही.

या साक्षीदाराचे नाव मॅक्स रॉबिन्सन. जन्म १९३९ चा, व्हर्जिनिया राज्यातील रिचमंड शहरातला. हा तरुण वीस वर्षांचा असताना, म्हणजे १९५९ साली, त्याच राज्यातील पोर्ट्समथ येथील एका दूरचित्रवाणी केंद्राकडे बातम्या वाचण्याच्या जागेसाठी गेला. जागा गोऱ्यांसाठी होती. तरीही तो परीक्षेस बसला आणि निवडला गेला. आता ते दिवस कसे होते ते पाहा. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्राऊन खटल्यात वर्णावरून वेगळ्या शाळा ठेवणे घटनाबाह्य ठरविले होते. त्यास व्हर्जिनियाच्या राज्यकर्त्यांचे उत्तर काय? पोर्ट्समथला लागूनच असलेल्या नॉरफोक शहरात १९५८ च्या सप्टेंबरात गोऱ्यांच्या सहा शाळांना कुलपे लागली. काळ्या मुलाशेजारी बसण्यापेक्षा आपली मुले घरी बसलेली बरी, असा तो हिशेब! १९२७ साली महाडच्या तळ्याचे शुद्धीकरण करणाऱ्यांचे हे सख्खे भाऊच म्हणावयाचे.

अशा मुलखात काळ्या माणसाचा आवाज चांगला आहे, उच्चार स्वच्छ आहेत, हे त्या केंद्रास मान्य होते. अडचण चेहऱ्याची होती. म्हणून त्यांनी तोड काढली. रॉबिन्सन बातम्या वाची, आणि पडद्यावर त्याच्या जागी केंद्राच्या नावाची पाटी दिसे. एके दिवशी त्याने ती पाटी दूर करावयास लावली आणि तो स्वतः प्रेक्षकांसमोर आला. दुसऱ्या दिवशी त्यास कामावरून काढून टाकण्यात आले.

वाचकहो, ही गोष्ट वाचून मला माझा गाव आठवला. आपल्या वाडवडिलांकडे गावगाड्याने कोणते काम दिले होते? कोणाच्या घरी मयत झाले की त्याचा सांगावा घेऊन पाच-दहा कोस धावत जावयाचे, आणि पाहुण्यांच्या अंगणाबाहेर उभे राहून ती वार्ता ओरडून सांगावयाची. बातमी आत जाई, बातमी आणणारा बाहेर राही. बिनमोल वार्ताहराचे हे काम आपण पिढ्यान्पिढ्या केले. वतनाच्या नावाखाली आपल्या गळ्यात बांधलेले हे लोढणे कायद्याने उतरविले ते १९५८ साली. आवाज हवा, पाय हवेत, चेहरा नको, हा व्यवहार पोर्ट्समथकरांनी शोधून काढलेला नाही.

पुढे रॉबिन्सन वॉशिंग्टनला गेला. १९६८ साली मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर ते शहर पेटले. त्याच वर्षी सरकारने नेमलेल्या कर्नर आयोगाने आपल्या अहवालात वृत्तपत्रे व दूरचित्रवाणी यांसही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. संपादकीय कामावरील माणसांत कृष्णवर्णीय शेकडा पाचांहून कमी आणि संपादक व पर्यवेक्षकांत शेकडा एकाहून कमी, असे आयोगाने नोंदविले. ज्यांची वस्ती जळत होती त्यांची बातमी ठरविणाऱ्यांत त्यांचा माणूस नव्हता. दंगलींनंतर वृत्तकक्षांची दारे किंचित किलकिली झाली. १९६९ साली रॉबिन्सन वॉशिंग्टनच्या एका केंद्राचा वृत्तनिवेदक झाला. १९७५ साली कृष्णवर्णीय पत्रकारांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली, तिच्या ४४ संस्थापकांत तो होता. आणि १९७८ साली एबीसी या कंपनीने आपल्या सायंकाळच्या राष्ट्रीय वार्तापत्रासाठी तीन निवेदक नेमले. वॉशिंग्टनमध्ये फ्रँक रेनॉल्ड्स, लंडनमध्ये पीटर जेनिंग्ज आणि शिकागोत मॅक्स रॉबिन्सन. राष्ट्रीय वार्तापत्राच्या निवेदकाच्या जागी बसलेला तो पहिला कृष्णवर्णीय.

येथे गोष्ट संपवून टाळ्या वाजविण्याचा मोह आपल्या लोकांना फार. आपला एक मुलगा पडद्यावर दिसला की वस्तीत पेढे वाटले जातात. वाटा, माझी हरकत नाही. पण पुढचे ऐका. २० जानेवारी १९८१ रोजी अध्यक्ष रेगन यांचा शपथविधी झाला आणि त्याच दिवशी इराणमध्ये ओलीस ठेवलेले अमेरिकन सुटले. इतक्या मोठ्या दिवशी राष्ट्रीय निवेदक कोठे होता? त्यास त्या वार्तांकनाबाहेर ठेवण्यात आले होते. पुढच्याच महिन्यात स्मिथ कॉलेजमधील भाषणात त्याने हे उघड बोलून दाखविले आणि वृत्तसंस्थांवर वर्णद्वेषाचा आरोप केला. वरिष्ठांनी त्यास जाब विचारण्यासाठी बोलाविले. चेहऱ्यावरील पाटी काढली होती. आता ती जिभेवर ठेवावयाची होती. १९८३ साली रेनॉल्ड्स वारले, तीन निवेदकांची व्यवस्था मोडली, आणि मुख्य खुर्ची जेनिंग्ज यांच्याकडे गेली. रॉबिन्सन शिकागोच्या स्थानिक केंद्रावर आला, तेथेही फार टिकला नाही.

वकिलाने आपल्या साक्षीदाराविरुद्धचा पुरावा दडवू नये. रॉबिन्सन मद्याच्या आहारी गेला होता, कामावर वेळेवर येत नसे, रेनॉल्ड्स यांच्या अंत्यविधीसही तो हजर राहिला नाही. हे खरे आहे. परंतु एका माणसाने साऱ्या समाजाचा चेहरा म्हणून एकट्याने वीस वर्षे बसावयाचे, चूक झाली तर ती समाजाची, यश मिळाले तर ते मालकाच्या उदारपणाचे, या ओझ्याखाली किती जण ताठ उभे राहतील? २० डिसेंबर १९८८ रोजी, ४९ व्या वर्षी, एड्सने त्याचा अंत झाला. तो रोग त्याने हयातीत लपविला होता. मृत्यूनंतर मात्र तो जाहीर करावा, म्हणजे आपल्या लोकांना सावधगिरी कळेल, अशी त्याची इच्छा होती. शेवटची पाटीही त्यानेच काढविली.

आता घरी या. १९९६ साली वॉशिंग्टन पोस्टचा दिल्लीतील वार्ताहर केनेथ कूपर, जो स्वतः कृष्णवर्णीय, दलित पत्रकार शोधू लागला. त्याने बी. एन. उनियाल या पत्रकारास विचारले. उनियाल यांनी तपास केला आणि त्यांना एकही सापडला नाही. त्यांनी ते लिहून प्रसिद्ध केले. २००६ साली दिल्लीतील ३७ वृत्तसंस्थांमधील निर्णय घेणाऱ्या ३१५ जणांची पाहणी झाली. अनुसूचित जाती-जमातींचा त्यांत एकही नव्हता. २०१९ साली ऑक्सफॅम व न्यूजलाँड्री यांनी पाहणी केली. नेतृत्वाच्या १२१ जागांपैकी १०६ उच्चवर्णीयांकडे, आपल्याकडे शून्य. अमेरिकेत १९६८ साली शेकडा एकाहून कमी, आणि आपल्याकडे २०१९ साली शून्य! यास गुणवत्ता म्हणणाऱ्यांना मी एवढेच विचारतो की, ती गुणवत्ता मोजणाऱ्या खुर्चीवर तुम्हांवाचून दुसरा कोणी बसला होता काय?

तेव्हा बाप म्हणतो, "म्हणूनच तर लपव." मी कायद्याच्या बाजूने सांगतो की, लपविल्याने तुमच्या हातचे शस्त्र जाते. बौद्ध झाल्याने संरक्षण गेले, हा समज प्रथम टाकून द्या. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने आरंभी मुख्यतः हिंदूंनाच अनुसूचित जातींत धरले. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना त्यात घेतले. म्हणून १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा बौद्धांनाही लागू आहे, आणि २०१५ च्या दुरुस्तीनंतर इतरांस खुल्या असलेल्या नोकरीत वा व्यवसायात आडकाठी करणे हाही त्याखाली गुन्हा आहे. त्याच दुरुस्तीने आणखी एक गोष्ट केली. आरोपी फिर्यादीस किंवा त्याच्या कुटुंबास ओळखत असेल, तर फिर्यादीची जात त्यास ठाऊक होती असे न्यायालय गृहीत धरते. मात्र उलट सिद्ध करण्याची मुभा आरोपीस आहे. आता सांगा, जो मुलगा दहा वर्षे आपले आडनाव दडवून त्या कचेरीत बसला, त्याच्या खटल्यात आरोपीचा वकील पहिला कोणता प्रश्न विचारील? "याने आपली जात कोणास सांगितली होती काय?" आणि आपला मुलगा काय उत्तर देईल? खाजगी वाहिनीस राखीव जागांचे बंधन नाही. तेथे आपल्याजवळ आहे ते एवढेच शस्त्र, आणि तेही आपण आपल्या हाताने बोथट करावयाचे!

कोणी चाणाक्ष वाचक मला अडवील. "बाबासाहेबांनी तरी 'मूकनायका'वर संपादक म्हणून आपले नाव कोठे घातले होते? तेथे पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव होते." बरोबर आहे. बाबासाहेब तेव्हा सिडनहॅम कॉलेजात सरकारी प्राध्यापक होते. पण त्या पत्राने आपण कोणाचे, हे कधी लपविले काय? 'केसरी'ने पैसे घेऊनसुद्धा त्याची जाहिरात छापण्याचे नाकारले, ते ते पत्र कोणाचे हे पुण्यास पक्के ठाऊक होते म्हणूनच. जाहिरात छापली गेली नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी अंक निघाला, आणि त्याच नावाने निघाला.