काकडी आपली, बाजार परका

काकडी आणि घेरकिन यांच्या निर्यातीत भारत जगात पहिल्या क्रमांकावर पोहोचल्याची घोषणा केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने जानेवारी २०२२ मध्ये केली. २०२०-२१ या आर्थिक वर्षात २ लाख २३ हजार ५१५ टन माल परदेशी गेला आणि त्यातून सुमारे २२ कोटी ३० लाख डॉलर देशात आले. निर्यातक्षम शेतमाल म्हटला की द्राक्षे, हापूस आणि कांदा यांच्यापलीकडे आपल्याकडील चर्चा सहसा जात नाही. त्यामुळे परदेशी बाटलीत व्हिनेगरमध्ये बुडालेली बोटाएवढी काकडी कर्नाटकातल्या कोरडवाहू तालुक्यातून गेलेली असू शकते, याची कल्पना फार थोड्यांना असते. या पिकाचे यश खरे आहे. पण त्या यशातील जोखीम कोणी उचलायची, हा प्रश्न मात्र तीन दशकांनंतरही पुरता सुटलेला नाही.

घेरकिन ही काकडीचीच एक जात. तिचे फळ कोवळेपणीच तोडले जाते. कोकणात तवसे वेलीवर निवांत मोठे होऊ देतात. इथे नेमके उलटे. फळ जितके लहान, तितका भाव जास्त. एका किलोत किती नग बसतात, यावर मालाची प्रतवारी ठरते. पेरणीनंतर पाचेक आठवड्यांत तोडणी सुरू होते आणि मग ती रोज करावी लागते. एक दिवस खाडा झाला की फळ फुगते, खालच्या प्रतीत जाते आणि भाव पडतो. हे काम हातानेच होते आणि त्यासाठी बहुधा सारे कुटुंब, विशेषतः स्त्रिया, शेतात राबतात. युरोप-अमेरिकेत मोकळ्या रानातले हे पीक उन्हाळ्यापुरतेच घेता येते आणि तोडणीची मजुरीही तिथे परवडत नाही. दक्षिण भारतात वर्षातून एकाहून अधिक पिके निघतात आणि मनुष्यबळ स्वस्त आहे. भारताच्या आघाडीचे सारे गमक या दोन गोष्टींत आहे.

या पिकाचा आरंभ १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला कर्नाटकात झाला. तुमकूर, हासन यांसारख्या जिल्ह्यांतून ते पुढे तामिळनाडू, आंध्र प्रदेश आणि तेलंगणात पसरले. सरकारी माहितीनुसार जगाच्या गरजेपैकी जवळपास १५ टक्के माल भारतात पिकतो. ५१ प्रमुख कंपन्या या व्यवसायात आहेत आणि सुमारे ९० हजार अल्प व अत्यल्पभूधारक शेतकरी ६५ हजार एकरांवर हे पीक घेतात. जवळजवळ सारी लागवड कराराने होते. बियाणे, खते, औषधे कंपनी उधारीवर पुरवते, तिचे क्षेत्र-अधिकारी बांधावर येऊन सल्ला देतात, भाव आधीच ठरलेला असतो आणि माल गावाजवळच्या संकलन केंद्रावर उचलला जातो. ज्या शेतकऱ्याला बँक दारात उभी करत नाही आणि ज्याचा टोमॅटो कधी रस्त्यावर फेकला जाईल याचा नेम नाही, त्याच्या दृष्टीने ही व्यवस्था लहानसहान नव्हे.

तथापि, आकडे जरा जवळून पाहायला हवेत. सरकारनेच दिलेल्या हिशेबाप्रमाणे नव्वद दिवसांच्या एका पिकात एकरी सरासरी चार टन उत्पादन निघते, त्याचे सुमारे ८० हजार रुपये होतात आणि खर्च वजा जाता ४० हजार उरतात. म्हणजे शेतकऱ्याला किलोमागे सरासरी वीस रुपये मिळतात. त्याच काळातील निर्यातीचा दर किलोला साधारण एक डॉलर, म्हणजे सत्तर रुपयांहून अधिक पडतो. मधल्या फरकातून प्रक्रिया, व्हिनेगर, पिंपे, वाहतूक आणि जहाजभाडे यांचा खर्च भागवावा लागतो, हे मान्य. पण बराचसा माल पिंपांत भरून जातो, परदेशात बाटलीबंद होतो आणि तिथल्या कंपनीच्या नावाने विकला जातो. नाममुद्रेचा नफा तिकडेच राहतो. शिवाय ९० हजार शेतकरी आणि ६५ हजार एकर या आकड्यांवरून प्रत्येकाच्या वाट्याला पाऊण एकरही येत नाही. एका पिकातून एका कुटुंबाच्या हाती उरणारी रक्कम त्यामुळे तीस हजारांच्या आतच राहते.

खरी अडचण त्याहून वेगळी आहे. घेरकिनला देशात म्हणावी अशी बाजारपेठ नाही. साधी काकडी वाशीच्या किंवा पुण्याच्या बाजार समितीत नेता येते. एका आडत्याने भाव पाडला तर दुसऱ्याकडे जाता येते. घेरकिनचा वेल शेतात उभा असताना कंपनीने उचल थांबवली, प्रत नाकारली किंवा केंद्र बंद केले, तर तो माल मंडईत कोणी विचारत नाही. दोन दिवसांत फळ हाताबाहेर जाते. ‘अडला हरी’ अशी शेतकऱ्याची गत होते. आयातदार देश कीटकनाशकांच्या अवशेषांबाबत काटेकोर आहेत. केवडा किंवा भुरी आली की फवारणी कंपनी सांगेल तीच आणि तेव्हाच करावी लागते. फवारणी करूनही पीक गेले, तर उधारीवर घेतलेल्या बियाण्या-औषधांचा बोजा मात्र शेतकऱ्याच्याच खात्यावर राहतो. काकडीचे मूळ भारतीय उपखंडातले. तिचे रानटी भाऊबंद आजही हिमालयाच्या पायथ्याशी आढळतात. असे असताना घेरकिनच्या संकरित बियाण्यासाठी मात्र प्रामुख्याने परदेशी कंपन्यांकडे पाहावे लागते, हा या कथेतील आणखी एक विरोधाभास.

परक्या बाजारावर सारी मदार ठेवल्यास काय होऊ शकते, याची चुणूक ऑगस्ट २०२५ मध्ये मिळाली. अमेरिका ही या मालाची मोठी ग्राहक. तिने त्या महिन्यात अनेक भारतीय वस्तूंवरील अतिरिक्त आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेले. अशा वेळी निर्यातदार दुसरा ग्राहक शोधू शकतो, पिंपांत साठवलेला माल काही काळ थोपवू शकतो. पाऊण एकरवाल्या शेतकऱ्याला यातले काहीच करता येत नाही. पुढच्या हंगामाच्या करारात क्षेत्र कमी झाले किंवा भाव उतरला, की वॉशिंग्टनमधील निर्णय त्याच्या बांधावर पोहोचतो.

मग करार शेतीच नको, असा निष्कर्ष काढायचा का? तसे करणे म्हणजे रोगापेक्षा उपाय भयंकर ठरेल. उणीव आहे ती कराराच्या धाकाची. केंद्राने २००३ च्या आदर्श बाजार समिती कायद्यात करार शेतीची तरतूद केली आणि महाराष्ट्राने २००६ मध्ये त्यानुसार आपल्या कायद्यात दुरुस्ती केली. २०१८ मध्ये करार शेतीसाठी स्वतंत्र आदर्श कायदा आला. २०२० च्या केंद्रीय कायद्याने करारातील तंटे प्रांताधिकाऱ्याकडे सोपवले आणि दिवाणी न्यायालयाचे दार बंद केले. आंदोलनाच्या रेट्यापुढे तो कायदा २०२१ मध्ये मागे घेण्यात आला. त्यातील काही तरतुदींवरचे आक्षेप रास्तच होते. पण कायदा गेल्याने प्रश्न गेला नाही. कंपनी आणि शेतकरी यांच्या ताकदीतील तफावत होती तशीच राहिली.

महाराष्ट्रातील कोरडवाहू भागांत या पिकाची वाट धरायची असेल, तर दक्षिणेचा अनुभव आधी पारखून घ्यायला हवा. करार शेतकऱ्याला समजेल अशा मराठीत आणि नोंदणीकृत असावा. प्रतवारी संकलन केंद्रावर, शेतकऱ्यासमक्ष व्हावी. उचल नाकारल्यास भरपाईचे कलम असावे आणि पीकविम्याचा हप्ता दोघांनी वाटून घ्यावा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कंपनीशी एकेकट्या शेतकऱ्याने नव्हे, तर शेतकरी उत्पादक कंपनीने वाटाघाटी कराव्यात. द्राक्ष बागायतदार एकत्र आले म्हणूनच युरोपच्या बाजारात त्यांचा निभाव लागला, हा धडा महाराष्ट्राला नवा नाही. निर्यातीचे विक्रम जाहीर करणे सोपे असते. कंपनीची गाडी आली नाही त्या दिवशी तोडलेल्या मालाचे पैसे कोण देणार, याचे लेखी उत्तर मिळेपर्यंत या पहिल्या क्रमांकाचे कौतुक शेतकऱ्यापुरते तरी अपुरेच राहील.